गुलशन आर्ट्सचे चेहरे

रौशन आपा नेरहून दोन बस बदलून आली ती चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. "सत्काराचं घर हाय का हे? दाराशी झाडू नाही, कोनाच्या अंगावर धड कपडा नाही. अफरोज, तुहा नवरा आज स्टेजवर बसनार हाय, ठाऊक आहे ना तुले?"

अफरोजभाभीनं हसून तिच्या हातातली पिशवी घेतली. आपाच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, हे या घरात सून म्हणून आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. नसरीन कांदे चिरत बसली होती, तिनं तिथूनच सलाम केला. आपानं तिच्याकडे पाहून "वाळली वं तू," एवढंच म्हटलं आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. सतरा वर्षांनी मोठी बहीण. नसरीनला तिनं कडेवर खेळवलेलं, पण माया दाखवायची तीसुद्धा टोमणा मारूनच.

तेवढ्यात तारिक आला. हातात गुलाबी पत्रकांचा गठ्ठा, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. चोवीस वर्षांचं पोरगं, बापाच्या सत्काराची धावपळ दहा दिवसांपासून त्यानंच अंगावर घेतली होती. "बडी फुप्पी, वाचा! साऱ्या आर्णीत वाटून आलो."

पत्रकावर वर लिहिलं होतं, स्मृतिशेष डोमाजी गुरुजी यांचा पहिला स्मृतिदिन. त्याखाली, ज्येष्ठ कलावंत जफरभाई पेंटर यांचा जाहीर सत्कार, दुपारी चार वाजता, शाळेचं पटांगण. आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. जफरनं दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून ती वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"सत्कारमूर्ती गुरुजींचं चित्र सर्वांसमोर काढतीन... हे कोनं छापलं?"

"खेमसिंगभाऊच्या मंडळानं. मीच म्हनलं त्याइले, अब्बाले अर्धा तास पुरते. पन्नास चेहरे असतीन तुमचे आर्णीत, अब्बा. गुरुजींचा एक काढायचा म्हंजे तुमाले काय!"

जफरनं टॉवेलनं तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच ठेवून, आणि समोरच्या खोलीत, जिथं बोर्ड रंगवायचे, तिथं जाऊन बसला. अफरोजभाभीनं नसरीनकडे पाहिलं. नसरीनला, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा हसूच आलं. कांदा चिरता चिरता ती हसली आणि मग अर्धा चिरलेला कांदा तिनं खाली ठेवला.

कारण घरच्या गुलशन आर्ट्समध्ये अक्षरं जफरची आणि चेहरे नसरीनचे. आणि ही गोष्ट गेल्या आठवड्यापर्यंत फक्त तीनच माणसांना माहीत होती: जफरला, अफरोजला आणि तिला.

चोरी म्हणाल तर ती चोरी नव्हती. जफर-नसरीनचे पेंटर अब्बा गेले तेव्हा त्यांच्या हातचं एका सरपंचाचं चित्र अर्धं राहिलेलं. जफरचा हात अक्षरांचा. तो नुसत्या नजरेनं अशी रेघ ओढायचा की लोक पट्टी लावून पाहायचे. पण माणूस काढायला बसला की त्याचा माणूस पाटीसारखा सपाट व्हायचा. नसरीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ए ग्रेड. डोमाजी गुरुजींनी अमरावतीच्या चित्रकला शिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म स्वतः आणून दिला होता, तो अब्बांच्या आजारपणात कुठं पडला कोण जाणे. तिनं सरपंच पूर्ण केला. गिऱ्हाईक खूश झालं. खालच्या कोपऱ्यात जफरनं झोकात सही ठोकली, 'जफर'. बाजारात टांगायच्या बोर्डावर घरातल्या पोरीचं नाव घालावं असं कोणाच्या मनातच आलं नाही. तिच्याही नाही, हे विशेष.

मग तीच रीत पडली. बोर्ड घरी यायचा तो चेहऱ्याची जागा कोरी ठेवूनच. ती रात्री दार लावून भरायची, जफर सही करायचा. मध्ये तिला ढाणकीला दिली. त्या दोन वर्षांत जफर गिऱ्हाइकांना सांगायचा, डोळ्यांना त्रास आहे, चेहरे बंद. मग ती ढाणकीहून कायमची परत आली, घरात सुतक असल्यासारखी माणसं बसली होती, आणि पाचव्याच दिवशी जफरनं एक कोरा चेहरा आणून तिच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला. एक शब्द न बोलता. रडावं की काय करावं हे तिला कळेना. तिनं ब्रश धुतला आणि कामाला लागली. त्याला आता वीस वर्षं होत आली.

तिला त्याचं काही वाटत नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. तिला एकच हवं होतं आणि ते फार जुनं होतं. तिला शाळेत शिकवायचं होतं. गुरुजी जसे कान तुटलेला कप टेबलावर ठेवून म्हणायचे, "काढा रे लेकरांनो, अन् कान तुटला हाय तर तुटकाच काढा," तसं पोरांसमोर उभं राहायचं होतं. दुपारी शाळेची घंटा ऐकली की एक्केचाळिसाव्या वर्षीही तिचा ब्रश थांबायचा.

गुरुजी रिटायर झाल्यावर शाळेला चित्रकलेचा शिक्षक मिळालाच नव्हता. कापसानं दगा दिलेलं हे चौथं की पाचवं साल. चित्रकलेचा तास आधी गणितानं खाल्ला, मग वेचणीच्या दिवसांत अर्धे वर्गच रिकामे राहू लागले, तिथं रंगपेटीचं कोण विचारतो! ताजियाला लागणारी कागदी जाळी कापायला, जयंतीच्या मिरवणुकीचा रथ सजवायला, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला गावातली पोरं शिकली ती सगळी गुरुजींच्या हाताखाली. आता ताजियाची जाळीसुद्धा नागपूरहून तयार येते. मुख्याध्यापिका इंदुताई मात्र यंदा हट्टाला पेटल्या होत्या. मानधनावर का होईना, माणूस घ्यायचाच. नसरीन त्यांना जाऊन भेटली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, मी मानते. पण कमिटी विचारेल, काम कुठं आहे यांचं? सगळीकडे तर भावाचं नाव. त्यांच्याकडून चार ओळी लिहून आणा, की चेहरे तुम्ही काढता. सोमवारी मीटिंग आहे."

गुरुवारी तिनं जफरला विचारलं होतं. तो म्हणाला, "कार्यक्रम होऊ दे." आज रविवार उजाडला होता.

"असे मुके काहून झाले सारे?" आपानं विचारलं. "चित्र काढायचं तर काढीन. कोनती मोठी गोष्ट हाय?"

अफरोजभाभीनं दार लोटलं आणि हळू आवाजात तिला सांगितलं. तारिक दाराशीच उभा होता, त्यानंही ऐकलं. त्याचा गठ्ठा हातातच राहिला.

"म्हंजे अब्बाले चेहरा येतच नाही? मी साऱ्या गावात सांगत फिरलो. खेमसिंगभाऊ माह्या फ्लेक्सच्या दुकानासाठी चौकातली जागा पाहून राह्यला, त्याच्यासमोर मी छाती ठोकून..." त्याचा आवाज चढला. "अब्बा निस्ती नावं लिहितात?"

"निस्ती?" नसरीन विळी बाजूला सारून उठली. "तुह्या बापासारखं अक्षर यवतमाळपर्यंत कोनाचं नाही. जाऊन पाह्य बाजारात. तुही मशीन दहा जन्म घेईन तरी तसं नाही लिहिनार."

तारिकनं गठ्ठा खाली ठेवला. आपानं मात्र तोवर हिशोब लावून टाकला होता. "मंग त्यात काय? बोर्ड आपलाच न्यायचा आहे ना? नसरीन, तू घरीच हलक्या पेन्सिलीनं काढून दे. तो तिथं रंग भरीन. लोकाइले दुरून काय दिसते? भावाची इज्जत ते आपली इज्जत."

"अन् माहं पत्र?" नसरीन म्हणाली.

"कोनतं पत्र?"

तिनं शाळेचं सगळं सांगितलं. आपा ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला, आणि शेवटी ती जी उठली ती तडक समोरच्या खोलीत गेली. बाकीचे मागोमाग. जफर स्टुलावर बसला होता. समोर पांढरा प्रायमर मारलेला कोरा बोर्ड.

"बावीस वर्षं!" आपा म्हणाली. "बावीस वर्षं झाली अन् मले, मोठ्या बहिणीले, नाही सांगितलं? मी नेरमध्ये सांगत फिरतो, माह्या भावानं ह्याचा फोटो काढला, त्याचा काढला. मले येडी बनवलं तुमी तिघाइनं!"

"आपा, हयू बोल," जफर दाराकडे बघत आवाज दाबून म्हणाला.

"कायले हयू बोलू? लिहून दे पोरीले पत्र. आत्ता दे."

आणि इथं भलतंच झालं. अफरोजभाभी, जी गेली वीस वर्षं नसरीनच्या बाजूनं उभी राहिली, ढाणकीहून ती आली त्या दिवशी जिनं आपली अर्धी खोली तिला दिली, ती पुढं येऊन म्हणाली, "आज नको. उद्या कमिटीत ते पत्र वाचतीन, परवा बाजारात होईन. लोक म्हनतीन, शाल कोनाले पांघरली आपन? आपा, तुमी नेरला चालल्या जासान. इथं मले राहायचं आहे, याइले राहायचं आहे."

"भाभी, तुमी बी?" नसरीनच्या तोंडून निघून गेलं.

"मी तुही दुश्मन नाही वं. पन आज नको." तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागं हटली नाही.

नसरीन जफरकडे वळली. "भाईजान, मी काढून देतो. पन पत्र आधी लिहा."

जफरनं पहिल्यांदा मान वर केली. "सौदा करून राह्यली तू? माह्यासंग?"

तो शब्द तिला लागला. खरंच सौदा होता की तो. "मले शायेत जायचं आहे, भाईजान. दुसरं काई नाही. लहान लेकराइले शिकवायचं आहे. येवढी एकच हौस राह्यली माही."

"अन् इथं काय राहीन?" जफर एकदम ओरडला, आणि ओरडल्यावर त्याचाच आवाज बसला. "यंदा बियान्याच्या कंपनीवाल्याइनं एक भीत रंगवाले नाही दिली मले. कापडी बॅनर लटकवतात. अक्षरं तर मशीन लिहिते आता. लोक अजून येतात ते चेहऱ्यासाठी येतात. तू गेली, वरून मी लिहून देलं का चेहरे माहे नाहीत, तर मी कोन? सांग ना. बावन्न वर्षांचा मानूस, मी कोन?"

तारिक खाली पाहत होता. चौकातलं त्याचं दुकान त्याच मशीनचं असणार होतं. नसरीनला भावाचा राग यायला हवा होता. आलाही होता. पण अर्ध्या दाढीनं बसलेल्या त्या माणसाकडे पाहून तिला तो धरून ठेवता येईना. तिनं खिडकीतली पेन्सिल घेतली.

"सरका," ती म्हणाली.

"पत्र?" आपानं विचारलं.

"राहू दे."

गुरुजींचा फोटो समोर होता, ओळखपत्रावरचा, ताठ बसवून काढलेला. तिनं तो पालथा घातला. त्या फोटोतले गुरुजी गुरुजी नव्हतेच. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, म्हणून पोरगं काही विचारायला आलं की ते मान डावीकडे कलती करायचे, उजवा कान त्याच्याकडे द्यायचे आणि वरून खाली असं पाहायचे. बौद्धपुऱ्यातलं असो, मोमीनपुऱ्यातलं असो, तांड्यावरचं असो, प्रत्येक पोराला वाटायचं, हा माणूस जगातलं दुसरं काही ऐकत नाहीये. तिनं ती कलती मान काढली. अगदी फिक्या रेघेनं, चोरासारखी. ज्यांनी तिला पेन्सिल धरायला शिकवलं त्यांचाच चेहरा ती लपवून काढत होती, आणि हे त्यांना कळलं असतं तर ते रागावले नसते, नुसते "काहून वं बाई?" म्हणाले असते. तेच तिला सहन होईना. पूर्ण झाल्यावर तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि भाकरी टाकायला आत गेली.

चार वाजता पटांगण भरलं होतं. रविवार असल्यानं बाजारातली माणसं आली होती, शाळेची पोरं पुढं सतरंजीवर. बायका डाव्या हाताला. नसरीन आपा आणि भाभीच्या मधोमध बसली. पुढच्या रांगेत इंदुताई, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या लुगड्यात गुरुजींची बायको, रुखमाबाई. खेमसिंगभाऊनं माइकवरून जफरचं एवढं कौतुक केलं की आपासुद्धा अवघडून बसली. शाल झाली, नारळ झाला. मग जफर बोर्डापाशी गेला.

सुरुवात चांगली झाली. हात सराईत होता, ब्रशचा झोक पाहूनच पोरं आ वासून बसली. पण रंग जसा चढत गेला तशी पेन्सिल त्याखाली बुडत गेली, आणि मग नसरीनला दिसायला लागलं. जफरचा हात जन्मभर अक्षरांना सरळ उभं करत आला होता. कलतं अक्षर म्हणजे त्याच्या लेखी चूक. तो ती मानही सरळ करत होता. मुद्दाम नव्हे. त्याला कळतही नव्हतं. बघता बघता गुरुजी ताठ झाले, खांदे एका रेषेत आले, डोळे समोर बघायला लागले. कोट घातलेला कोणी एक भला माणूस तयार झाला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडकडून, शिट्ट्या मारून. नसरीन सुन्न झाली. बावीस वर्षं ती भीत होती की कोणाला तरी फरक कळेल. कळला नाही. बाजारातल्या तिच्या चेहऱ्यांकडे कोणी कधी नीट पाहिलंच नव्हतं की काय?

रुखमाबाईला मेणबत्ती लावायला वर नेलं. तिनं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि बोर्डासमोर उभी राहिली. बराच वेळ. माइक जवळच होता, त्यामुळं तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"चांगला काढला बापा. पन हे ते नव्हत."

पटांगणात खसखस पिकली.

"आजी, गुरुजीच हायेत!" खेमसिंगभाऊ म्हणाला.

"नाही. हे कोनी सायेब हाय."

"आजीचं मोतिबिंदूचं ऑपरेशन राहूनच गेलं बरं का मंडळी!" खेमसिंगभाऊनं माइकवर हसत सांगितलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. कार्यक्रम सावरायचा होता. लोक मोठ्यानं हसले. पोरंही हसली.

रुखमाबाईनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसले. "मले तं दिसते," ती म्हणाली, पण आता तिच्या आवाजात खात्री नव्हती. पन्नास वर्षं ज्या माणसाजवळ काढली त्याचा चेहरा आपण विसरलो की काय, अशी ती घाबरून इकडेतिकडे पाहायला लागली. जफर हातात ब्रश घेऊन खाली मान घालून उभा होता.

नसरीन उठली.

"बस खाली," अफरोजभाभीनं तिचा हात धरला. "नसरीन, तुह्या पाया पडतो. बस."

आपानं भाभीचा तो हात सोडवला. "जाऊ दे तिले," ती म्हणाली.

शाळेचं ते पाच-सहा पायऱ्यांचं स्टेज. तिथं ती शेवटची चढली होती ते इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट घ्यायला. वर गेल्यावर तिनं आधी रुखमाबाईचा हात हातात घेतला. "काकू, तुमची नजर चांगली हाय," ती म्हणाली, आणि तेही माइकमधून सगळीकडे गेलं. मग भावासमोर जाऊन उभी राहिली.

"भाईजान, ब्रश द्या."

जफरनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ओरडायचं होतं ते सगळं होतं. तो नाही म्हणू शकला असता. अख्ख्या गावासमोर तो तिला हाकलू शकला असता आणि गावानं त्याचीच बाजू घेतली असती. त्यानं ब्रश दिला.

तिनं चिंधी टरपेंटाइनमध्ये बुडवली आणि गुरुजींची मान पुसून टाकली. लोकांत एक मोठा हुंकार उठला. "अरे, अरे, बाई काय करून राह्यली!" कोणीतरी ओरडलं. तिला ऐकू येत नव्हतं. ओला रंग निघाला, खाली तिची स्वतःची रेघ दिसली, फिकी, आणि तिनं ती धरली. मान कलली. उजवा कान पुढं आला. एक खांदा जरा वर गेला. मग डोळे. डोळ्यांना तिला कधीच फार वेळ लागायचा नाही. वरून खाली पाहणारे, समोर कमरेएवढं पोरगं उभं असल्यासारखे. पटांगण हळूहळू गप्प होत गेलं. सतरंजीवरचं एक पोरगं गुडघ्यांवर उठून पाहू लागलं, मागच्यानं त्याला खाली ओढलं नाही, तोही उठला.

तिनं हात खाली घेतला. रुखमाबाई दोन पावलं पुढं आली.

"हा," ती म्हणाली. "आता ऐकून राह्यले."

कोणी टाळी वाजवली नाही. म्हातारी रडत होती आणि कुठं पाहावं ते लोकांना समजत नव्हतं. इंदुताई खालूनच, माइकशिवाय, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नसरीनबाई, उद्या अकरा वाजता शाळेत या. पत्र नको आता."

इतकी वर्षं जे हवं होतं ते असं एका वाक्यात आलं. नसरीननं जफरकडे पाहिलं, आणि तिला आनंद धड होईना. त्यानं अंगावरची शाल काढून तिची घडी केली होती. ती त्यानं खुर्चीवर ठेवली.

खेमसिंगभाऊला काय बोलावं सुचेना, तरी माइक हातात असलेल्या माणसाला बोलावंच लागतं. "तर... आता चित्रावर सही होऊन जाऊ द्या! जफरभाई?"

"माही नाही होत याच्यावर," जफर म्हणाला. "जिनं काढला ते करीन." आणि तो पायऱ्यांकडे चालायला लागला.

नसरीन उजव्या कोपऱ्याशी वाकली. बारीक ब्रश घेतला, काळा रंग घेतला. आणि तिचा हात थांबला. ज्या हातानं शेकडो डोळे काढले होते, त्याला आपलं नाव लिहिता येईना. ब्रशनं अक्षर लिहायचं कसं हे ती शिकलीच नव्हती; ते काम कधी तिचं नव्हतं. वहीत लिहितात तसा तिनं 'न' काढला. तो बसका झाला, वाकडा, आणि त्याच्या पोटातून रंग ओघळला. तिनं तो बोटानं पुसला. दुसऱ्यांदा काढला. तोही उतरता. सगळं गाव पाहत होतं. तिला फक्त वाटलं, भाईजान इथं असता तर विचारलं असतं.

जफर दुसऱ्या पायरीवर थांबला होता. पाठ तिच्याकडे होती, पण मान वळली होती. वाकडं अक्षर त्याला कोणाचंच बघवत नसे. मग तो रागात होता तसाच, तिथूनच, तिच्याकडे न पाहता नुसतं बोर्डाकडे पाहत म्हणाला,

"ब्रश उभा धर. आधी वरची रेघ मार, पूर्ण. मंग अक्षरं खाली लटकव."

तिनं ब्रश उभा धरला आणि रेघ मारली.

"थरथरू नको," तो म्हणाला. "आता लिही."